व्हेपचं मॉड घेताना: सुट्या लिथियम सेलची निवड, चार्जिंग आणि रोजची काळजी

पेनसारख्या छोट्या व्हेपमध्ये (ई-सिगारेटमध्ये) बॅटरी कोणती बसवायची, ती किती करंट देऊ शकते आणि कॉइलला, म्हणजे द्रव तापवून वाफ करणाऱ्या तारेला, किती लागतो, हा हिशोब कारखान्यातच झालेला असतो. वापरणाऱ्याने फक्त केबल लावायची. सुटे सेल (बदलता येणाऱ्या बॅटऱ्या) घालायचं मॉड, म्हणजे मोठं व्हेप, हातात आलं की तोच हिशोब वापरणाऱ्याच्या गळ्यात पडतो, आणि बहुतेक नवख्यांना हे कुणी सांगितलेलंच नसतं. विकणारा वॅट सांगतो, वाफ किती निघते ते सांगतो. सेल किती अँपिअरचा घ्यायचा हा प्रश्न राहून जातो. या लेखात तो हिशोब कसा करायचा आणि त्यानंतर सेल कसा सांभाळायचा, हे पायरीपायरीने मांडलं आहे.

हा लेख आधीपासून व्हेप वापरणाऱ्या प्रौढांसाठी आहे. निकोटिनचं व्यसन लागतं, त्यामुळे ज्यांनी सुरुवात केलेली नाही त्यांनी ती करू नये. काही देशांत या उपकरणांवर बंदी आहे, काही ठिकाणी कडक नियम आहेत. तुम्ही राहता तिथला कायदा आधी पाहून घ्या.

अमेरिकेच्या फायर अ‍ॅडमिनिस्ट्रेशनने २०१७ मध्ये एक अहवाल काढला होता. २००९ ते २०१६ या काळात ई-सिगारेटला आग लागल्याच्या किंवा ती फुटल्याच्या १९५ घटना त्यात नोंदवल्या आहेत. १३३ जण जखमी झाले आणि त्यांतल्या ३८ जणांच्या जखमा गंभीर होत्या. ६१ घटना उपकरण किंवा सुटी बॅटरी खिशात असताना घडल्या, ६० वापरताना आणि ४८ चार्जिंग चालू असताना. लोकांना भीती वाटते ती चार्जिंगची, पण खिशाचा आकडा त्याहून मोठा आहे. हे लक्षात ठेवून पुढचं वाचा.

सुटे सेल हवेतच का?

मॉड घेण्याआधी हा प्रश्न स्वतःला विचारा. आतच बसवलेली बॅटरी असणारी चांगली उपकरणंही मिळतात. त्यांत बॅटरी, चिप आणि चार्जिंगचं सर्किट एकमेकांना जुळवलेलं असतं. बॅटरी थकली की सगळं उपकरण बाद होतं हा त्यांचा तोटा, पण नवख्या माणसासाठी मला तो तोटा परवडणारा वाटतो. अशा उपकरणावर यूएल ८१३९ हे मानक पाळल्याची खूण असेल तर उत्तम. ई-सिगारेटच्या विद्युत भागांची सुरक्षितता तपासण्यासाठीच ते मानक बनवलेलं आहे.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. १८६५० या मापाचे सेल बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या ते सुटे वापरण्यासाठी बनवत नाहीत. लॅपटॉप, ड्रिल मशीन, सायकलीचे बॅटरी पॅक यांत संरक्षक सर्किटसोबत ते बसवले जावेत, अशी त्यांची अपेक्षा असते. अमेरिकेच्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगानेही जानेवारी २०२१ मध्ये पॅकमधून सुटे केलेले सेल वापरण्याविरुद्ध इशारा दिला होता. तरीही लोक सुटे सेल वापरतात, आणि पुढेही वापरतील. वापरणारच असाल तर नीट समजून वापरा, एवढ्यासाठी हा खटाटोप.

सुटे सेल घ्यायचं ठरलं तर मॉड चिपवालं, म्हणजे रेग्युलेटेड असावं. त्यातली चिप शॉर्ट सर्किट ओळखते, सेल फार उतरला की बंद पडते, तापमान वाढलं की थांबते. मेकॅनिकल मॉडमध्ये यातलं काहीच नसतं: एक नळी, एक बटण आणि सेलचा थेट कॉइलशी संबंध. तिथे करंट किती वाहणार हे फक्त कॉइलच्या रोधावर ठरतं. पूर्ण चार्ज सेल ४.२ व्होल्टचा असतो, ०.२ ओहमची कॉइल लावली तर ४.२ भागिले ०.२, म्हणजे २१ अँपिअर. ०.१५ ओहम लावली तर २८. अडवणारं कुणी नाही. २०१८ मध्ये फ्लोरिडात आणि २०१९ मध्ये टेक्ससमध्ये व्हेप फुटून माणसं दगावली. पहिल्यांदाच अपग्रेड करणाऱ्याने मेकॅनिकल मॉड घेऊ नये. या बाबतीत मी कुठलीही सवलत देणार नाही.

सेलवरचे आकडे कसे वाचायचे

१८६५० या नावातच माप आहे. १८ मिलिमीटर व्यास, ६५ मिलिमीटर लांबी, शेवटचं शून्य गोल नळीच्या आकाराचं. २१७०० म्हणजे २१ मिलिमीटर व्यास आणि ७० मिलिमीटर लांबी. मॉडच्या माहितीपत्रकात जे माप दिलं असेल तेच घ्या. काही मॉड २१७०० साठी असतात आणि त्यांच्यासोबत १८६५० बसवायला प्लास्टिकची बाही येते. ती सोबत आलेली असेल तरच वापरा. कागदाची घडी घालून सैल सेल घट्ट करणं किंवा अ‍ॅल्युमिनियमच्या फॉइलने फट भरणं हे प्रकार अजिबात करू नका.

बाकी दोन आकडे महत्त्वाचे. एक एमएएच, म्हणजे सेलमध्ये साठा किती. दुसरा अँपिअर, म्हणजे त्या साठ्यातून एका वेळी किती करंट न थांबता खेचता येतो. नवखा माणूस पहिल्या आकड्याकडे बघून खरेदी करतो, कारण फोनच्या जाहिरातींनी तीच सवय लावली आहे. मॉडसाठी आधी दुसरा आकडा पाहायचा.

हे दोन आकडे एकमेकांच्या विरुद्ध जातात. नळीचं माप ठरलेलं आहे. त्यात साठा वाढवायचा तर करंट देण्याची क्षमता कमी करावी लागते. सॅमसंगचा २५आर हा सेल २५०० एमएएचचा आहे आणि सलग २० अँपिअर देतो. त्याच कंपनीचा ३०क्यू ३००० एमएएचचा, पण सलग १५ अँपिअरचा. पॅनासॉनिकचा एनसीआर१८६५०बी साधारण ३४०० एमएएचचा आहे, पण त्यातून ५ ते ७ अँपिअरहून जास्त खेचणं योग्य नाही. टॉर्चसाठी तो झकास. ५० वॅटच्या मॉडमध्ये मात्र तो घालू नये. तिन्ही सेल दिसायला सारखेच आणि बसतातही सारखेच. मॉड तुम्हाला थांबवणार नाही, कारण आत कोणता सेल घातला आहे हे त्याला कळत नाही.

अँपिअरचा आकडा वाचतानाही एक फसगत होते. सेलवर मोठ्या अक्षरांत ३५ किंवा ४० अँपिअर छापलेलं असतं, तो आकडा बऱ्याचदा काही सेकंदांच्या झटक्यापुरता असतो. आपल्याला हवा तो सलग करंटचा आकडा. तो मूळ उत्पादकाच्या डेटाशीटमध्ये (तांत्रिक माहितीपत्रकात) मिळतो आणि तिथेही अटी वाचाव्या लागतात. मुराताच्या व्हीटीसी६ चा सलग आकडा १५ अँपिअर आहे. ३० अँपिअर लिहिलेलं दिसतं ते सेलचं तापमान ८० अंशांवर गेलं की करंट तोडायचा, या अटीवर. मॉडच्या चिपला सेलच्या अंगाचं तापमान सहसा कळत नाही. तेव्हा दोन आकडे दिसले तर लहान तो आपला.

वॅटवरून अँपिअर: खरा हिशोब इथे आहे

मॉडच्या पडद्यावर तुम्ही वॅट ठरवता. सेलला ते वॅट पुरवण्यासाठी किती अँपिअर द्यावे लागतात, हे काढायला शाळेतलं गणित पुरतं. वॅटला व्होल्टने भागा, आणि चिपमध्ये थोडी ऊर्जा वाया जाते म्हणून पुन्हा ०.९ ने भागा.

कोणत्या व्होल्टने भागायचं, इथे बरेच जण चुकतात. सेल भरलेला असताना ४.२ व्होल्ट असतो, म्हणून लोक ४.२ ने भागतात आणि आकडा लहान दिसला की निर्धास्त होतात. पण रेग्युलेटेड मॉड वॅट कायम ठेवतं. सेल उतरत जातो, व्होल्ट कमी होतात, आणि तेवढेच वॅट देण्यासाठी चिप सेलमधून जास्त करंट ओढते. म्हणजे सेलवर सर्वांत जास्त ताण येतो तो शेवटी, बॅटरीची खूण लाल व्हायला लागते तेव्हा. बहुतेक मॉड ३.२ व्होल्टच्या आसपास थांबतात, म्हणून भागायचं ३.२ ने.

एका सेलचं मॉड ५० वॅटवर चालवायचं आहे असं धरा. ५० भागिले ३.२ भागिले ०.९, उत्तर १७.४ अँपिअर. २५आर चालेल, ३०क्यू नाही. ६० वॅटला २०.८ अँपिअर येतात, म्हणजे २५आरची मर्यादाही ओलांडली. ८० वॅटला जवळपास २८ अँपिअर. बाजारात एका १८६५० सेलची ८० वॅटची मॉड भरपूर आहेत, आणि हा २८ चा आकडा पाहिलात की ते ८० वॅट जाहिरातीपुरतेच का समजायचे, हे लक्षात येईल.

उलट दिशेनेही गणित करून ठेवा, ते रोज उपयोगी पडतं. सेलच्या सलग अँपिअरला २.८८ ने गुणा. १५ अँपिअरच्या सेलला ४३ वॅट येतात, २० च्या सेलला साधारण ५७, २५ च्या सेलला ७२. त्यातून थोडी सूट सोडून १५ अँपिअरला ४०, २० ला ५५ आणि २५ ला ७० ही वरची हद्द धरा. सेल जुना होत गेला की ही हद्द आणखी खाली आणा.

दोन सेलचं मॉड असेल तर वॅटला आधी २ ने भागायचं. ८० वॅट असतील तर प्रत्येक सेलच्या वाट्याला ४०, म्हणजे १३.९ अँपिअर. मघाचे तेच ८० वॅट इथे १५ अँपिअरचा सेलही सांभाळतो. म्हणून ज्याला ५०-६० वॅटच्या वर जायचं आहे त्याने दोन सेलचं मॉड घ्यावं, असं माझं ठाम मत आहे. ते वजनाने जड असतं, पण सेल गरम होत नाहीत आणि दिवसभर पुरतात.

कॉइलवर '५० ते ६० वॅट' असं छापलेलं असतं, त्यावरून सेलची गल्लत करू नका. ती मर्यादा कॉइलची तार आणि कापूस यांच्यासाठी आहे. कॉइल ६० वॅट सोसते म्हणून सेलही सोसेल, असं मुळीच नाही. नवं मॉड आणलं की सेटिंगमध्ये वॅटची कमाल मर्यादा ठरवता येते का ते पाहा. येत असेल तर आपल्या हिशोबाचा आकडा तिथे टाकून ठेवा. बटण चुकून दाबलं गेलं तरी काळजी नाही.

खरा सेल कसा ओळखायचा

जगात चांगले १८६५० सेल बनवणाऱ्या कंपन्या हाताच्या बोटांवर मोजता येतील: सॅमसंग, मुराता, एलजी, पॅनासॉनिक, मोलिसेल. सोनीचा बॅटरी व्यवसाय २०१७ मध्ये मुराताकडे गेला, म्हणून जुन्या माहितीत ज्याला सोनी व्हीटीसी म्हटलं आहे तोच आज मुराताचा. बाकी पुष्कळ नावं ही नुसत्या आवरणाची असतात. कुणीतरी सेल घेतो, आपल्या रंगाचं प्लास्टिक चढवतो आणि त्यावर हवा तो आकडा छापतो. आत कोणता सेल आहे आणि तो नवा आहे की जुन्या पॅकमधून काढलेला, हे बाहेरून कळत नाही.

१८६५० वर ५०००, ६८०० किंवा ९९०० एमएएच छापलेलं दिसलं की तिथेच थांबा. या मापात ३५०० ते ३६०० च्या पुढे साठा भरणं प्रस्थापित उत्पादकांनाही सहज जमत नाही. दुसरी सोपी तपासणी वजनाची. चांगला १८६५० साधारण ४५ ते ४८ ग्रॅम भरतो. घरातल्या डिजिटल काट्यावर तो ३० ग्रॅमच भरला तर आत काहीतरी लहान बसवलेलं आहे. आणखी एक तपासणी मल्टिमीटरने (व्होल्ट मोजायच्या यंत्राने): नवा सेल सहसा अर्धवट चार्ज करून पाठवलेला असतो, ३.४ ते ३.७ व्होल्टच्या दरम्यान. नवा म्हणून आलेला सेल २.५ व्होल्टच्या खाली असेल तर परत करा. चार्जरला लावून 'बघू तरी' म्हणू नका.

मल्टिमीटर हे एकच अवजार मी प्रत्येकाला घ्यायला सांगेन. साधं, स्वस्त चालेल.

आवरण: सर्वांत दुर्लक्षित भाग

सेल हातात घ्या आणि वरचं टोक बारकाईने पाहा. मधोमध उंचवट्याचं बटण असतं, ते प्लस. त्याच्याभोवती पांढरी किंवा रंगीत पातळ चकती दिसते, ती इन्सुलेटर. त्या चकतीच्या बाहेर, प्लास्टिकच्या कडेखाली, धातूच्या डब्याचा काठ आत वळलेला असतो. तो काठ मायनस आहे. खालचं सपाट टोक तर मायनस असतंच, पण संपूर्ण डबा, बाजू आणि वरचा काठसुद्धा मायनसच. प्लस आणि मायनस यांच्यात वरच्या टोकाला जेमतेम एखाद्या मिलिमीटरचं अंतर, आणि त्याच्या रक्षणाला कागदाएवढं पातळ पीव्हीसी.

त्या कडेला प्लास्टिक फाटलं आणि मॉडचा धातूचा संपर्क बटणाबरोबरच काठालाही टेकला, तर सेल जागच्या जागी शॉर्ट होतो. चांगल्या सेलचा आतला रोध २० मिलिओहमच्या आसपास असतो, त्यामुळे शॉर्ट झाला की क्षणात शंभराहून जास्त अँपिअर वाहू शकतात. मॉडची चिप इथे काहीच करू शकत नाही, कारण हा प्रवाह तिच्यापर्यंत पोहोचतच नाही.

म्हणून सेल काढताना-घालताना आवरण पाहायची सवय लावा. खरचटलेलं, चिमटलेलं, वरच्या कडेला उचकटलेलं काहीही दिसलं की तो सेल बाजूला ठेवा. आवरण बदलता येतं. तापवल्यावर आकसणारी पीव्हीसीची नळी आणि नवी इन्सुलेटर चकती, दोन्ही मिळतात. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पृष्ठभागावर काम करा, हातात अंगठी नको. आधी जुन्या आवरणावरचं मॉडेलचं नाव कागदावर उतरवून घ्या. मग जुनं प्लास्टिक मायनसच्या टोकाकडून, प्लसच्या कडेपासून दूर, नखाने किंवा बोथट प्लास्टिकने उकला. धातूची सुरी वापरू नका. चकती जागेवर नीट बसली आहे ना ते पाहा, नळी चढवा, दोन्ही टोकांना थोडी बाहेर राहू द्या. हेअर ड्रायर थोडा लांब धरून, सेल फिरवत, काही सेकंदच ऊब द्या. नळी आकसून घट्ट बसते. शेवटी मार्करने मॉडेल आणि महिना-वर्ष लिहून ठेवा.

डबाच चेपला असेल तर मात्र आवरण बदलून भागत नाही. आतल्या पत्र्यांच्या गुंडाळीमध्ये एक अतिशय पातळ पडदा प्लस-मायनसला वेगळं ठेवतो. चेपलेल्या जागी तो कधी फाटेल याचा नेम नाही. असा सेल बाद.

चार्जिंग

लिथियम-आयन सेल दोन टप्प्यांत चार्ज होतो. आधी चार्जर ठरावीक करंट देत राहतो आणि व्होल्ट हळूहळू वर चढतात. ४.२ ला पोचले की चार्जर तिथेच व्होल्ट धरून ठेवतो आणि करंट उतरत उतरत अगदी थोडा उरला की थांबतो. चांगला चार्जर म्हणजे हे शेवटचं थांबणं अचूक करणारा चार्जर. निकृष्ट चार्जर ४.२ च्या पुढे ढकलत राहतो. नवीन चार्जर आणला की पहिल्या दोन-तीन वेळा सेल काढल्यावर मल्टिमीटरने मोजा. ४.१५ ते ४.२२ च्या दरम्यान असेल तर ठीक. ४.२५ च्या वर गेला तर तो चार्जर वापरू नका.

सुट्या सेलसाठी बाहेरचा चार्जर घ्या, प्रत्येक खाना स्वतंत्रपणे मोजणारा. एक्सटार आणि नाइटकोर ही त्यातली जुनी, ओळखीची नावं. मॉडच्या यूएसबीतून चार्ज करणं अडीअडचणीला ठीक आहे. पण दोन सेलचं मॉड दोन्ही सेल समान पातळीवर आणतंच असं नाही, आणि रोज केबल खुपसून सॉकेट सैल होतं ते वेगळंच.

वेग किती ठेवायचा? सेलच्या क्षमतेच्या निम्मा करंट हे साधारण धोरण. २५०० एमएएचला १.२५ अँपिअर, ३००० ला १.५. चार्जरवर १ अँपिअरची सोय असेल तर १८६५० साठी तीच निवडा. तीन-चार तास लागतील, पण सेल गार राहतो आणि जास्त वर्षं टिकतो. मॉड थेट चार्ज करत असाल तर माहितीपत्रकात दिलेला अ‍ॅडॉप्टर वापरा, बहुधा ५ व्होल्टचा. काही मॉडचं सी-टाइप सॉकेट दोन्हीकडे सी असलेल्या केबलने चार्जच होत नाही. मॉड बिघडलं असं समजण्याआधी सोबत आलेली केबल लावून पाहा.

चार्जिंगची जागा ठरवून ठेवा. फरशी, दगडी ओटा, सिरॅमिकचं ताट, असं काही जे पेटत नाही. आसपास पडदे, कागद, गादी नको. पलंगावर किंवा उशीखाली तर कधीच नाही. घराबाहेर जाताना किंवा झोपताना चार्जर बंद करा; मध्येच थांबवलं म्हणून लिथियम सेल बिघडत नाही. पूर्ण उतरवून मगच चार्ज करावं, ही जुन्या निकेल बॅटऱ्यांच्या काळातली समजूत आहे. लिथियमला ती लागू नाही, उलट फार उतरवण्याने नुकसान होतं. ३.४-३.५ व्होल्टवर आला की चार्जला लावा.

वापरून गरम झालेला सेल लगेच चार्जरमध्ये घालू नका, आधी निवू द्या. कडाक्याच्या थंडीतून आत आणलेल्या सेलचंही तसंच. शून्य अंशाखाली चार्ज केलं तर आत धातूरूप लिथियमचा थर बसतो, तो परत जात नाही आणि पुढे आतल्या आत शॉर्ट व्हायचं निमित्त ठरतो. चार्ज होताना सेल कोमट लागणं ठीक. हात ठेववत नाही इतका तापला तर चार्जर भिंतीवरूनच बंद करा.

दोन सेलच्या मॉडसाठी जोडी बनवा. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, एकाच वेळी घेतलेले दोन सेल. त्यांवर 'क-१', 'क-२' अशी खूण करा. ते एकत्र वापरायचे, एकत्र चार्ज करायचे, आणि दर वेळी मॉडमधली जागा अदलाबदल करायची. वेगवेगळ्या वयाचे सेल एकत्र घातले तर कमकुवत सेल आधी संपतो आणि दुसरा त्याच्यातून करंट ओढतच राहतो. बाहेर काढल्यावर दोघांच्या व्होल्टमध्ये ०.१ चा फरक वारंवार दिसायला लागला की ती जोडी निवृत्त करा.

खिसा, बॅग, प्रवास

सुटा सेल खिशात किंवा पर्समध्ये मोकळा टाकायचा नाही. किल्ली, नाणं, हेअरपिन यांतलं काहीही प्लसचं बटण आणि डब्याचा काठ जोडू शकतं, आणि मग तो सेल मांडीला चिकटून पेटतो. सेल ठेवायची प्लास्टिकची डबी सेलच्या किमतीच्या मानाने काहीच नाही. डबी नसेल तर सुटा सेल घराबाहेर नेऊ नका. मॉड खिशात टाकताना ते बंद करा. बहुतेकांत बटण भराभर पाच वेळा दाबून बंद होतं. मॉडच्या तळाला किंवा सेलच्या झाकणावर लहान भोकं असतात, ती वायू बाहेर पडायची वाट आहे, स्टिकर किंवा कव्हरने झाकू नका.

उन्हात उभ्या गाडीत सेल ठेवू नका. विमानात व्हेप आणि सुटे सेल हातातल्या सामानातच न्यायचे, चेक-इनच्या बॅगेत नाही. व्हेपसाठी आंतरराष्ट्रीय नियमांत हे २०१५ पासून आहे. विमानात चार्ज करायलाही मनाई आहे. महिनाभर वापरणार नसाल तर ३.६ ते ३.८ व्होल्टवर, थंड कोरड्या जागी, डबीत ठेवा. मुलांच्या हाती लागणार नाही अशी ती जागा हवी.

सेल बिघडतोय हे कसं कळतं, आणि पेटला तर

आधी सूचना मिळते, ती ओळखता यायला हवी. सेल नेहमीपेक्षा लवकर उतरतो, नेहमीच्याच वॅटवर गरम लागतो, चार्ज करून दुसऱ्या दिवशी मोजला तर व्होल्ट घसरलेले असतात. वरच्या टोकाशी ओलसरपणा किंवा गोडसर, द्रावकासारखा वास आला तर आतला इलेक्ट्रोलाइट बाहेर येतो आहे. यातलं काहीही दिसलं की सेल वापरातून काढा.

मॉड हातात असताना अचानक खूप तापलं किंवा फुस्स आवाज यायला लागला, तर झाकण उघडून सेल काढायचा प्रयत्न करू नका. मॉड लांब, माणसं आणि कापड नसलेल्या जागी टाका आणि मागे सरा. सेलच्या आत सुरू झालेली उष्णता स्वतःच वाढत जाते. पडदा वितळला की थांबवता येत नाही. बाहेर पडणारा धूर विषारी असतो, त्यात हायड्रोजन फ्लोराइडही असू शकतं, म्हणून खोली सोडा आणि सगळ्यांना बाहेर काढा. आग पसरत असेल तर अग्निशमन दलाला बोलवा. सुरक्षित अंतरावरून शक्य असेल तर भरपूर पाणी मारा. इतक्या लहान सेलच्या बाबतीत पाण्याचं मुख्य काम थंड करणं आहे. कोरडी पावडर ज्वाळा विझवते, पण सेल तापलेलाच राहतो आणि पुन्हा पेटू शकतो.

भाजलं तर त्या जागेचे कपडे, अंगठी, पट्टा काढा, कातडीला चिकटलेलं कापड मात्र ओढू नका. वाहत्या थंड पाण्याखाली २० मिनिटं धरा, बर्फ लावू नका, आणि दवाखाना गाठा. लिथियम बॅटरीने भाजलं आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा, कारण उष्णतेच्या जखमेसोबत रसायनाचीही जखम असू शकते आणि तिचे उपचार वेगळे असतात.

बाद झालेला सेल रोजच्या कचऱ्यात जाता कामा नये. कचऱ्याच्या गाडीत चिरडला गेला की तिथे आग लागते. दोन्ही टोकांवर चिकटपट्टी लावा, डबीत घाला आणि ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. मधल्या काळात ती डबी घरातल्या इतर बॅटऱ्यांपासून वेगळी आणि पेटणाऱ्या वस्तूंपासून दूर ठेवा.